कार्निव्हलच्या आधी की नंतर

(बारांकिया शहर, मे २०१६, मंगळवार सकाळ. सरकारी दवाखान्यातली सोनोग्राफीची खोली. दाइरिस टेबलावर आडवी. तिची सासू उबाल्दिना सुनेची पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसली आहे.)

डॉक्टर: मग ऑक्टोबर लिहू की नोव्हेंबर?

दाइरिस: तुम्हाला सोयीचं वाटेल ते लिहा.

डॉक्टर: माझ्या सोयीचा प्रश्न नाही, ताई. शेवटची पाळी कधी आली, हा या कागदावरचा पहिलाच रकाना आहे. बाकी सगळा हिशोब त्याच्यावरून होतो.

दाइरिस: माझ्याकडे तो हिशोबच नाही. एकदा येऊन गेली की तीन तीन महिने पत्ता नसतो. मग येते ती पंधरा दिवस ठाण मांडून बसते. बीजकोशात गाठी आहेत माझ्या, बारीक बारीक. अठराव्या वर्षापासून.

उबाल्दिना: आणि साखरही आहे तिला.

दाइरिस: साखर नाहीये, सासूबाई. गोळी साखरेची आहे.

उबाल्दिना: साखर नाही, मग साखरेची गोळी कशाला गिळायची? आठ वर्षं झाली लग्नाला. आठ वर्षांत हिला नारळाचा गोड बोयो हातात दिला नाही मी, डॉक्टर. जीव तुटायचा माझा.

दाइरिस: जीव तुटायचा आणि माझ्या वाटणीचाही तुम्हीच खायचात.

डॉक्टर: ती गोळी या आजारातही देतात, आजी.

उबाल्दिना: आजी म्हणू नका. अजून झाले नाही. होतेय की नाही तेच विचारायला आलोय.

डॉक्टर: बरं, मावशी. गरोदर असल्याचं कधी कळलं?

दाइरिस: मागच्या गुरुवारी. मला नाही, यांना कळलं.

उबाल्दिना: मी दारात आरेपा तळते ना, रोज सकाळी. मक्याच्या पुऱ्या हो, आत अंडं भरलेल्या. ही कढईच्या बाजूने गेली आणि गटारापाशी बसली ओकत. म्हटलं, बाई गं, ज्या वासावर आमच्या रेबोलोतली निम्मी वस्ती जमा होते त्या वासाने हिला ओकारी येते! मीच गेले औषधाच्या दुकानात, तपासणीची कांडी आणायला. या वयात. तो दुकानदार बघतच राहिला.

दाइरिस: तोवर मला वाटलं, वजन वाढलंय. ते नेहमीच वाढतं. आणि पाळी नाही, तर ती नेहमीच नसते. डॉक्टर, मूर्ख नाहीये हो मी. पण मला कशावरून कळणार होतं?

डॉक्टर: तुम्हाला कोणी मूर्ख म्हटलं नाही. नर्सने इथे एक ओळ लिहिली आहे. अंगावर पुरळ, फेब्रुवारी. पुढे प्रश्नचिन्ह. ते काय?

उबाल्दिना: ते पिठाचं.

डॉक्टर: कसल्या पिठाचं?

उबाल्दिना: मक्याच्या. कॉर्नफ्लोअर हो. डॉक्टर, तुम्ही कुठल्या?

डॉक्टर: तुन्हाची. इथे येऊन दोन महिने झाले.

उबाल्दिना: वाटलंच मला. डोंगरावरची माणसं तुम्ही, खोलीसुद्धा तुमच्या गावासारखी गार करून ठेवलीय. अहो, कार्निव्हलचे चार दिवस इथे ज्याच्या हातात जे पीठ लागेल ते तो दुसऱ्याच्या तोंडाला फासतो. त्यावर डब्यातला फेस मारतात. वर ऊन. अंगावर पुरळ उठलं नाही तर तुम्ही कार्निव्हलला गेलाच नव्हता.

डॉक्टर: डोळे लाल झाले होते?

दाइरिस: फेसाने. सगळ्यांचेच होतात.

डॉक्टर: सांधे दुखत होते?

दाइरिस: शनिवारी सकाळपासून नाचत होते मी.

डॉक्टर: डोकं?

दाइरिस: रम प्यायले होते. म्हणजे थोडी. सासूबाई, असं बघू नका, तुम्हीच ओतली होती.

डॉक्टर: ताप?

दाइरिस: अंग जरा कढत होतं. रविवारी दुपारी. पण कार्निव्हलच्या रविवारी कोणाचं अंग थंड असतं?

डॉक्टर: ताई, या सगळ्या खुणा झिकाच्याही आहेत. आणि फेब्रुवारीत या शहरात घरटी एक रोगी होता.

उबाल्दिना: घरटी कशाला, माझ्याच घरात दोन होते. मी आणि माझी बहीण. जानेवारीत. चार दिवस खाज आणि मग काही नाही. त्याचं एवढं काय?

डॉक्टर: तुमच्या पोटात कोणी नव्हतं, मावशी. पोटात बाळ असलं तर झिकाने त्याचं डोकं खुरटू शकतं.

दाइरिस: तुम्ही यांना नंतर समजवा. आधी मला सांगा. कार्निव्हलला माझ्या पोटात होतं का?

डॉक्टर: तेच बघते आहे. हलू नका. हे डोकं. हा कणा. आता लांबी मोजते.

दाइरिस: डोकं कसंय?

डॉक्टर: आहे.

दाइरिस: आहे म्हणजे काय? मोठं, छोटं, कसं?

डॉक्टर: वयाला साजेसं आहे. पण आत्ता ते लिंबाएवढं आहे, एवढ्यावरून मी काही बोलणार नाही. वय मात्र सांगू शकते. या आकाराच्या बाळाचं वय चुकत नाही. फार तर आठवडाभर इकडेतिकडे. तुमचे चौदा आठवडे पुरे झालेत आज.

उबाल्दिना: चौदा? थांबा. आज मंगळवार. हा एक, हा दोन... मे गेला, एप्रिल गेला... पवित्र आठवडा मार्चात होता... दाइरिस, बोटं दे गं तुझी, माझी संपली. अगं बाई! खोसेलीतोचा मंगळवार!

डॉक्टर: म्हणजे?

उबाल्दिना: कार्निव्हलचा शेवटचा दिवस हो. नऊ फेब्रुवारी. खोसेलीतो म्हणजे कार्निव्हल, त्या दिवशी तो मरतो. बाहुला असतो त्याचा. आम्ही बाया काळे कपडे घालून त्याच्या विधवा होतो आणि रस्त्याने गळा काढत जातो. वा! एदिलबेर्तो घरी होता त्या दिवशी! माझा मुलगा, डॉक्टर. नदीवर मालबोटीवर असतो, महिना महिना तोंड दिसत नाही. शनिवारी आला आणि राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून गेला. बरोब्बर जमलं बघा!

दाइरिस: काय जमलं? सासूबाई, रविवारी मला पुरळ होतं. मंगळवारीही होतं. म्हणजे पुरळ अंगावर आणि त्याच वेळी पोटात... देवा. देवा माझ्या. संपलं सगळं.

उबाल्दिना: रडू नको गं. पिठाचं असेल ते. मी सांगते ना, पिठाचंच होतं.

डॉक्टर: तुम्ही दोघी जरा माझं ऐकाल का? बाळ नऊ फेब्रुवारीला राहिलेलं नाही.

दाइरिस: आत्ता तर म्हणालात चौदा आठवडे.

डॉक्टर: आमची मोजणी बाळ राहिल्यापासून नसते. त्याच्या आधी पाळी आली असती त्या दिवसापासून असते. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात कोणीच नसतं.

उबाल्दिना: नसलेल्या पोराचे दोन आठवडे मोजता? तुन्हाला असं मोजतात?

डॉक्टर: सगळ्या जगात असंच मोजतात, मावशी.

दाइरिस: आणि मला तर तेव्हा पाळी आलीच नव्हती.

डॉक्टर: माहीत आहे. आली असती असं धरायचं. चौदातून दोन गेले, बारा उरले. बाळ तेविसाच्या आसपास राहिलं आहे. तेवीस फेब्रुवारी. तुमच्या त्या पुरळानंतर दोन आठवड्यांनी. ही बातमी आधीपेक्षा बरी आहे, ताई. तोवर ताप सरलेला असतो. तुम्ही रडायचं थांबवायला हरकत नाही.

दाइरिस: नंतर? नक्की नंतर?

डॉक्टर: जवळजवळ नक्की.

दाइरिस: ऐकलंत, सासूबाई? नंतर! ...सासूबाई?

उबाल्दिना: तेवीस फेब्रुवारीला माझा मुलगा गामार्राला होता.

दाइरिस: अं?

उबाल्दिना: गामार्राला. बोटीवर. माझ्याशी फोनवर बोलला, मागे इंजिनाचा आवाज येत होता. बुधवारी राख लावून गेला तो थेट अकरा मार्चला परतला. त्याच्यासाठी मी मासा आणला होता. मला तारीख चांगली आठवते.

डॉक्टर: मावशी, तुम्ही थोडा वेळ बाहेर—

उबाल्दिना: मी का बाहेर? आठवडाभर इकडेतिकडे म्हणालात ना? इकडे केलं तरी सोळा तारीख येते आणि तिकडे केलं तरी एक मार्च. मधे माझा मुलगा कुठेच बसत नाही. मी अडाणी असेन, डॉक्टर, पण आरेपा विकून आकडे शिकलेय. दाइरिस, माझ्याकडे बघ.

दाइरिस: बघतेय.

उबाल्दिना: कोणाचं आहे?

दाइरिस: तुमच्या मुलाचं. आणखी कोणाचं असणार? हनुवटीवर केस असलेल्या बाईमागे रेबोलोत रांग लागते का?

उबाल्दिना: मग काय नदीतून पोहत आला तो?

दाइरिस: बसने आला. चोवीस तारखेला, बुधवारी. एका रात्रीसाठी. तुम्हाला सांगितलं नाही त्याने.

उबाल्दिना: माझा मुलगा गावात आला आणि घरी आला नाही? माझ्या हातचं जेवला नाही? कुठे उतरला?

दाइरिस: स्टँडजवळच्या हॉटेलात. मी सलूनमधून परस्पर गेले. तुम्हाला सांगितलं होतं, मैत्रिणीच्या आईचा नववा दिवस आहे म्हणून.

उबाल्दिना: तू त्या बाईला मारलंस? मी तिच्यासाठी जपमाळ ओढली!

दाइरिस: ती जिवंत आहे. पावलीच असेल तिला.

डॉक्टर: मी कागद... मी नंतर येऊ का?

दाइरिस: नको, डॉक्टर, थांबा. तुम्ही आहात तोवर बोलून टाकते. सासूबाई, खोसेलीतोच्या दिवशी तुम्ही विधवा होऊन रस्त्यात लोळत होतात. आठवतं काय ओरडत होतात?

उबाल्दिना: त्या दिवशी सगळ्याच काहीबाही ओरडतात. अर्ध्या तर शिव्या असतात.

दाइरिस: "अरे खोसेलीतो, मेलास रे मेल्या, आणि मला एक नातू देऊन गेला नाहीस! घरात सून आहे, पण तिचं दुकान बंद आहे रे!" माझ्यासमोर. सगळी गल्ली पोट धरून हसत होती. मीसुद्धा हसले. न हसून सांगते कोणाला? मग पंधरा दिवस ते डोक्यातून जाईना. मी एदिलबेर्तोला फोन केला. म्हटलं, मी सिएनागाला आईकडे जाते, कायमची. तू दुसरी बघ, चालतं दुकान असलेली. तो तशीच बोट सोडून आला. सात तास बसमध्ये.

उबाल्दिना: ...मला वाटलं, तुला मजा आली.

दाइरिस: नाही आली.

उबाल्दिना: मला कोणी सांगितलं का नाही?

दाइरिस: सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, कार्निव्हलमध्ये रागवायचं नसतं.

उबाल्दिना: नसतंच. पण... नसतं रागवायचं, म्हणून काय झालं.

डॉक्टर: माफ करा, ताई. मधे बोलते, पण हे विचारावंच लागेल. चोवीस तारखेला तुमचे यजमान बरे होते?

दाइरिस: म्हणजे?

डॉक्टर: ताप? पुरळ? काही?

दाइरिस: पुरळ बघायला दिवा कोणी लावला होता? ...डोळे लाल होते त्याचे.

उबाल्दिना: का?

दाइरिस: रडला होता. मला तसं वाटलं. मी सोडून जाते म्हटल्यावर रडला असेल. बरं वाटलं होतं मला ते बघून, खोटं कशाला सांगू. मनगटं दुखतात म्हणाला. बसमध्ये दांडा धरून उभा होता ना अर्धी वाट.

डॉक्टर: हं.

दाइरिस: हं काय? डॉक्टर, हं काय?

डॉक्टर: झिका फक्त डासामुळेच होतो असं नाही. नवऱ्याकडून बायकोलाही होतो. त्यांचे डोळे तापाने लाल असतील, तर त्याच रात्री तुम्हाला...

दाइरिस: पण मला तर आधी रविवारीच होऊन गेला होता ना?

डॉक्टर: तो झिका असेल तर. झिका एकदा होऊन गेला की बहुधा पुन्हा होत नाही. मग तुमच्या यजमानांची भीती नाही.

दाइरिस: आणि ते पीठ असेल तर?

डॉक्टर: तर मग भीती आहे.

उबाल्दिना: थांबा, थांबा. मघापासून मी देवाला म्हणतेय, पीठ असू दे. आता काय म्हणू? झिका असू दे?

डॉक्टर: मावशी, मलाही कळत नाही काय म्हणावं.

दाइरिस: आणि तो खरंच रडला असेल तर?

डॉक्टर: तर मग काहीच नाही. उत्तम.

उबाल्दिना: रक्त काढा हिचं. बाटलीभर काढा. रक्तात कळत असेल की.

डॉक्टर: पहिल्या आठ दिवसांत कळतं. आता तीन महिने झाले. आमच्याकडच्या तपासणीत आता काही सापडणार नाही.

उबाल्दिना: अहो, मग तुम्हाला माहीत तरी काय आहे? एवढी वर्षं शिकलात!

डॉक्टर: या रोगाचं शिकवायलाच कोणी नव्हतं, मावशी. तो आमच्या पुस्तकात दोन ओळींचा होता. आम्हीही या वर्षीच शिकतोय, तुमच्याचबरोबर.

दाइरिस: सलूनमध्ये एकीने फोनवर वाचून दाखवलं. ज्यांच्या बीजकोशात गाठी असतात त्यांना म्हणे विषाणू चटकन धरतो. वजन असतं, साखर वर-खाली होते, अंगात सूज असते म्हणून. माझ्यामुळेच झालं का हे?

डॉक्टर: काहीजण तसं म्हणतात. काही तापांत वजन आणि साखर वाढलेल्या माणसांना जास्त त्रास होतो, एवढं खरं. झिकाचं मला ठाऊक नाही, आणि जो ठाऊक आहे म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या आजाराने डास बोलावला नाही, ताई. त्याने फक्त तुमच्या हातात कॅलेंडर येऊ दिलं नाही. दुसऱ्या बाईची पाळी चार दिवस लांबली की ती धावत येते. तुम्हाला धावायचं कारणच मिळालं नाही.

दाइरिस: मला सांगितलं होतं, तुला मूल होणं कठीण. म्हणून आम्ही काही... म्हणजे घोषणा ऐकल्या होत्या रेडिओवर, सध्या दिवस राहू देऊ नका, झिका आहे. मी चॅनेल बदललं. वाटलं, हे आपल्याला नाहीच सांगत.

डॉक्टर: तुमच्यासारख्या तिघी याच आठवड्यात आल्या माझ्याकडे. तिघींनी हेच सांगितलं.

दाइरिस: आता पुढे काय?

डॉक्टर: दर चार आठवड्यांनी यायचं. डोकं मोजत राहायचं. खरं चित्र पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर दिसतं, काहींचं त्याहून उशिरा. आणि आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. पुढे मोठा दोष दिसला, किंवा तुमच्या जिवाला, मनाला हे झेपणार नसेल, तर थांबवण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. तुम्हाला, घरच्यांना नाही. हे हवं तर एकांतात बोलू.

दाइरिस: त्यांना राहू दे इथेच. ऐकलं मी. आज नाही बोलत त्यावर. आज डोकं वयाला साजेसं आहे म्हणालात ना?

डॉक्टर: हो. आज आहे.

दाइरिस: मग आज एवढंच.

डॉक्टर: मी कागद छापून आणते. पोट पुसून घ्या. आणि यजमानांना फोन करून डोळ्यांचं विचारा.

उबाल्दिना: गेली का? दार लावलं तिने? ...थांब, तू नको उठू, मी पुसते. ही जेलीसुद्धा थंडगार, बाई. कशी राहतात ही माणसं.

दाइरिस: सासूबाई, हळू. पातेलं घासताय का?

उबाल्दिना: एदिलबेर्तोला फोन लावू?

दाइरिस: मी लावेन.

उबाल्दिना: काय विचारशील?

दाइरिस: त्या रात्री रडला होतास की आजारी होतास.

उबाल्दिना: आणि तो काय सांगेल? पुरुष माणूस. रडलो असं मेला तरी कबूल करणार नाही. आजारी होतो म्हणेल.

दाइरिस: हेच तर. तो आजारी होतो म्हणाला तरी मला कळणार नाही. काहीच कळणार नाही मला, सासूबाई. अठराव्या वर्षापासून माझं शरीर मला काही धड सांगत नाही, आणि आता डॉक्टरही तसेच बोलायला लागले.

उबाल्दिना: मी विचारते त्याला. माझ्याशी खोटं बोलला की खोकतो तो. लहानपणापासून.

दाइरिस: रागवाल त्याच्यावर? घरी आला नाही म्हणून?

उबाल्दिना: रागवेन की. सोडते काय? पण तो आला ना तुझ्यासाठी, सात तास बसमधून, अर्धी वाट उभ्याने. माझ्या तोंडाने घालवलेलं तो परत आणायला आला. ते दुकानाचं... पोरी, त्या काळ्या कपड्यांत माणसाला भान राहत नाही. पण ते मनात होतं म्हणूनच तोंडात आलं. आठ वर्षं होतं. चुकले मी.

दाइरिस: हात द्या. उठवा मला.

उबाल्दिना: रडतेस?

दाइरिस: नाही. घाबरलेय. सासूबाई, काल रात्री मी तुमच्या टोपलीत लोकर पाहिली. पिवळी. टोपी करताय ना?

उबाल्दिना: सुरुवात केलीय. चार ओळी झाल्या.

दाइरिस: केवढी करताय?

उबाल्दिना: एदिलबेर्तोची होती तेवढी. त्याचं डोकं कलिंगडाएवढं होतं.

दाइरिस: आणि याचं तेवढं नसलं तर? छोटं असलं तर? कळतंय ना मी काय म्हणतेय ते?

उबाल्दिना: कळतंय. घरी गेल्यावर उसवते ती. पोर येऊ दे, मग त्याच्या डोक्यावर धागा धरून माप घेईन. जेवढं असेल तेवढी विणेन.